भोंग्याच्या गोळ्या

कांचघर नावाच्या वस्तीतल्या आमच्या खोलीला एकच खिडकी होती आणि ती समोरच्या घराच्या भिंतीकडे उघडायची. ऊन सरळ आत यायचं नाही. आधी त्या पिवळ्या भिंतीवर पडायचं आणि तिथून मऊ होऊन आमच्याकडे यायचं. माझी आईबद्दलची सगळ्यात जुनी आठवण त्याच रंगाची आहे. ती खाली बसून स्टोव्हवर काहीतरी ढवळते आहे, खोलीत पिवळसर वाफ भरली आहे आणि ती गुणगुणते आहे.

त्या गुणगुणण्याला शब्द नसायचे. माहेरहून आणलेली कुठली तरी चाल होती, ती तोंड मिटूनच फिरवत राहायची. मी आणि धाकटा भाऊ ताटं घेऊन बसलेलो असायचो. चाल लवकर संपली तर समजायचं, आज वाढायला पुरेसं आहे. लांबत गेली, वळून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, की आज भांड्यात पाणी जास्त. हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. पोटाला आपोआप कळायचं.

बाबा तेव्हा फॅक्टरीत कायम झाले नव्हते, ठेकेदाराकडे होते. भोंगा सगळ्या वस्तीवर वाजायचा, पण तो आमच्यासाठी वाजला की नाही हे ठेकेदार ठरवायचा. बोलावणं नसलं की बाबा दारात सायकल उलटी करून तिचं चाक फिरवत बसायचे, काही बिघडलेलं नसतानाही. घरात बरगीकडच्या खेड्यांतून आलेली कुटकी, वरईसारखं बारीक भरड धान्य, शिजायची, कारण ती तांदळापेक्षा स्वस्त पडायची. दूध यायचं एवढंसं. ते आम्हा दोघांचं. आमचं पिऊन झालं की आई रिकाम्या पातेल्यात पाणी घालायची, गोल हलवायची आणि ते पांढुरकं पाणी पिऊन टाकायची. उभ्याउभ्याच, भिंतीकडे तोंड करून.

पुढे बाबा कायम झाले, फिटर म्हणून. क्वार्टर मिळालं, दोन खिडक्यांचं. मी शिकत गेले. बाबांच्या बाजूनं बघा की आईच्या, आमच्या घराण्यात कॉलेजात पाय ठेवणारी मी पहिली. हे मी मान खाली घालून सांगत नाही. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले, मग बी.एड. केलं आणि आता शाळेत विज्ञान शिकवते. डिग्रीचा कागद हातात आला तेव्हा बाबांनी स्वतः सागवानी पट्ट्या कापून चौकट केली. भिंतीवर टांगताना वर लेव्हल ठेवून पाहिली.

"एक सूतही तिरकी नको," म्हणाले. "खानदानात पहिली आहे."

बाबांच्या निवृत्तीनंतर आम्ही आमचं छोटं घर बांधलं, फॅक्टरीपासून फार लांब नाही. भोंगा तिथेही ऐकू येतो. ती चौकट त्या घराच्या स्वयंपाकघरात लागली, कारण घरात येणारा प्रत्येकजण शेवटी तिथेच येऊन बसतो. तिच्या शेजारी बाबांनी आपली पाटी लावली.

पाटीचं जरा समजावून सांगते. फॅक्टरीत अवजारं ठेवायची एक पद्धत असते. मोठ्या लाकडी पाटीवर प्रत्येक पान्याचा, पक्कडीचा, हातोडीचा आकार रंगवून ठेवतात, जशी त्याची सावलीच. अवजार आपल्या सावलीवर टांगायचं. शिफ्ट सुटताना एक नजर टाकली की कोणती सावली उघडी आहे ते दिसतं, आणि ती भरल्याशिवाय कोणी घरी जात नाही. बाबांनी जन्मभर उघडी सावली पाहिली की तिला भरायचं एवढंच केलं होतं. घरी आल्यावर तो हात कुठे जाणार.

हळूहळू त्या पाटीवरून पाने-पक्कडी उतरल्या आणि बाटल्या चढल्या.

बाटल्या आल्या घराजवळच्या मैदानातून. निवृत्त झालेली माणसं सकाळी मैदानाला चकरा मारायची आणि मग चहाच्या टपरीशी बाकावर बसायची. तिथे आधी पगारवाढीच्या, बोनसच्या गोष्टी चालायच्या. आता गुडघे, साखर, झोप. कोणाचा मुलगा बाहेरून काही पाठवायचा, कोणाला केमिस्टनं काही दिलेलं असायचं आणि प्रसाद वाटावा तशा गोळ्या तळहातावरून तळहातावर जायच्या. फॅक्टरीत लेथ मशीनवर आयुष्य काढलेले एक काका होते, बाबांचे सर्वांत जुने मित्र. ते हाडांची म्हणून एक बाटली घेऊन आले होते, तेव्हा मी बाबांना न्यायला गेले होते.

"घे यार, हाडांची आहे. मुलानं पाठवली."

"माझी हाडं ठीक आहेत," बाबा म्हणाले.

"तर वहिनीला दे. बाईमाणसाला लागतेच."

बाबांनी बाटली हातात घेऊन वजन करावं तशी तोलली. "लागतेच म्हणतो?"

"अरे, माझ्या घरी मी विचारतो काय? देतो. ती खाते. संपलं."

दुसरी बाटली आली ओमतीच्या बाजारातल्या एका औषधाच्या दुकानातून. मी शेजारीच उभी होते.

"अंकलजी, ये वाला ले जाइए. इसमें सब कुछ है."

"सब कुछ मतलब?"

"मतलब सब कुछ."

बाबांना हे उत्तर पटलं. घरी येईपर्यंत त्या बाटलीचं नावच 'सब कुछ' पडलं होतं.

पाटीला आता पट्ट्या ठोकून खण केले होते आणि प्रत्येक खणात गोल सावली, निळ्या रंगानं काढलेली. खिडकी पूर्वेकडची, आणि गोळ्या काढायला बाबा सकाळी सगळ्या बाटल्या तिच्यात ओळीनं उभ्या करायचे. हिवाळ्यात नर्मदेकडून धुकं यायचं, उशिरा उठायचं, आणि ते उठलं की ऊन त्या बाटल्यांमधून आरपार यायचं. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल मधाच्या थेंबांसारख्या पेटायच्या. हिरवी बाटली, तपकिरी बाटली, एक जांभळट. त्यांचे रंग फरशीवर सांडायचे आणि आई चहाचं आधण घेऊन त्या रंगांतून चालत जायची. पदर हिरवा व्हायचा, मग तपकिरी, मग पुन्हा पांढरा. मला ते दृश्य फार आवडायचं. अजूनही आठवलं की मी कुठे आहे ते विसरते.

सकाळचा भोंगा वाजला की गोळ्या. हा बाबांचा नियम. भोंगा म्हणजे शिफ्ट सुरू, सगळं एका वेळी, एका ठिकाणी. ते तळहातावर गोळ्या ओळीत मांडायचे. आईची थायरॉईडची गोळी फार जुनी होती, डॉक्टरांनी कधीची लिहून दिलेली. ती पूर्वी उशाशी असायची आणि आई डोळे उघडल्या उघडल्या पाण्याबरोबर घ्यायची. पाटी झाल्यावर बाबांनी तिलाही सावली काढून दिली. मग तीही ओळीत आली. हाडांची, रक्ताची, ताकदीची, 'सब कुछ', आणि त्यांच्यात ती पांढरी बारीक गोळी. आई सगळा तळहात तोंडात रिकामा करायची आणि वरून चहा.

"मी काय मशीन आहे काय हो, रोज तेल घालून राहिले?" ती म्हणायची.

"मशीन असती तर बरं झालं असतं," बाबा म्हणायचे. "नुसतं ऐकून सांगितलं असतं काय बिघडलं ते."

आणि बिघडत होतं.

एकदम काही झालं नाही. फाल्गुनात लोक पंखे लावू लागले तेव्हा आईच्या अंगावर शाल होती. डोळ्यांखाली सूज दिसायची. बोलता बोलता शब्द शोधायला लागली, तेही सावकाश, जसं अंधाऱ्या कोठीत हात फिरवत कोणी डबा शोधतं. दुपारी झोपायची, उठायची आणि विचारायची, सकाळ झाली काय. तिचा आवाज भरदार होता, तो जाड झाला. सेल उतरलेल्या रेडिओसारखा ओढला जायचा. आणि गुणगुणणं थांबलं. कधी थांबलं ते सांगता येत नाही. एक दिवस मी डबा भरताना लक्षात आलं की स्वयंपाकघरात फक्त कुकर वाजतो आहे.

आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरती आईच उचलायची. म्हणजे पहिली ओळ ती एकटी म्हणायची, तिच्या पट्टीत, आणि मग सगळे तिच्या मागे. इथे आजूबाजूला सगळी हिंदी. मंडळातल्या मुलांना मराठी समजते, पण बोलायची वेळ आली की ती हसतात आणि हिंदीत उत्तर देतात. तेवढी आरती मात्र सगळ्यांना पाठ, कारण आईच्या आवाजावरून पाठ झालेली. त्या वर्षी बायकांनी ताट तिच्या हातात दिलं. तिनं तोंड उघडलं आणि आवाज आला तो घासलेला, खाली घसरणारा. तिनं ताट शेजारणीकडे दिलं. हसून दिलं.

घरी येताना रिक्षात मी तिचा हात धरून बसले. हात थंड होता.

"वय झालं माय," ती म्हणाली. "आवाज जातोच."

ही गोष्ट मला मान्य नव्हती. तिच्या आवाजावर आम्ही जेवलो होतो. तो असा कोणाला न विचारता निघून जाणार आणि आम्ही त्याला वय म्हणून मोकळे होणार, हे मला गिळता येईना. बाबांनाही येत नसावं. दुसऱ्याच आठवड्यात पाटीवर दोन नव्या सावल्या आल्या.

पुढच्या हिवाळ्यातला एक रविवार. बाबा मैदानात गेले होते. आई टेबलाशी मटार सोलत बसली होती. आमच्याकडे मटार आला की तो टोपल्यांनीच येतो आणि घरभर महिनाभर हिरवा वास राहतो. मी पाटीवरून सगळ्या बाटल्या खाली काढल्या आणि लेबलं वाचायला घेतली.

बाबांना हिंदी येते, मराठी येते, मशीनची ड्रॉइंग्ज बघता क्षणी वाचता येतात. बाटल्यांवरची बारीक इंग्रजी मात्र आमच्या घरात माझ्या आधी कोणी वाचलेली नव्हती. मी वाचली. एकावर हाडाचं चित्र, दुसऱ्यावर हसणारी बाई, तिसऱ्यावर उगवता सूर्य. तिन्हींत तेच, कॅल्शियम. त्याच तिन्हींत आणि 'सब कुछ'मध्येही व्हिटॅमिन डी. लोह दोन ठिकाणी. एका पुडीवर सिंह होता, आत काय आहे याचा एक शब्द नव्हता.

"काय शोधून राहिली?" आईनं विचारलं.

"आई, ही तिन्ही एकच आहेत."

"मग तीन काहून?"

"तेच तर."

तिनं एक शेंग दाबली. दाणे परातीत टपटपले. थोड्या वेळानं म्हणाली, "बाबांना हळू सांग. त्यांनी रंग दिलाय त्या गोल गोल जागांना."

मला हळू सांगता येत नाही. तो माझा स्वभाव आहे. बाबा आले, त्यांनी उघडी पाटी पाहिली आणि दारातच थांबले.

"कोणी काढल्या?"

"मी. बाबा, तुम्ही आईला एकच औषध तीन नावांनी देऊन राहिले आहात. जास्त झालं तर त्याचाही त्रास होतो. आणि कोणी सांगितलं म्हणून देता? लेथवाल्या काकांनी?"

"मी कधी तुझ्या शाळेत येऊन फळा पुसला काय?"

"या ना. चुकीचं लिहिलं असेल तर पुसा."

आई परातीवर वाकून हसली. त्या जाड झालेल्या आवाजातही हसणं तिचंच होतं.

"चलो," मी म्हणाले, "भांडून काय होणार. डॉक्टरांकडे जाऊ. आईलाही दाखवू आणि बाटल्याही. त्यांनी म्हटलं सगळ्या ठेवा, तर मी स्वतः पुन्हा मांडीन."

सोमवारी संध्याकाळी मी कापडी पिशवीत सगळ्या भरल्या. बाबा रिक्षात पिशवीकडे बघून म्हणाले, "भाजी आहे काय, अशी भरून नेऊन राहिली?" पण पिशवी मांडीवर त्यांनीच घेतली आणि खड्डा आला की दोन्ही हातांनी धरली.

डॉक्टरीणबाई नव्या होत्या, वयानं माझ्याएवढ्या. पूर्वीचे डॉक्टर गाव सोडून गेले तेव्हापासून आईची थायरॉईडची गोळी जुन्याच चिठ्ठीवर चालू होती. बाईंनी आईचा हात हातात घेतला, नाडी पाहिली, गळा चाचपला, कोरडी पडलेली कातडी पाहिली. मग मी पिशवी रिकामी केली. त्यांच्या टेबलावर जागा उरली नाही. त्यांनी त्या पांढऱ्या बारीक गोळीची डबी उचलली.

"माताजी, ये कब लेती हैं?"

"भोंगे पे," आई म्हणाली.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भोंग्याचं सांगितलं.

"अच्छा. और ये बाकी सब?"

"वो भी भोंगे पे."

"चाय के साथ?"

"चाय के साथ," आई म्हणाली, शाळेत बरोबर उत्तर दिल्यासारखी.

बाईंनी हाडांची बाटली आणि रक्ताची बाटली उचलून त्या पांढऱ्या डबीच्या दोन्ही बाजूंना ठेवल्या. म्हणाल्या, कॅल्शियम आणि लोह पोटात या गोळीला धरून ठेवतात, आत जाऊ देत नाहीत. चहाही आड येतो. ही गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, एकटीच घ्यायची असते. चहा-नाश्ता त्यानंतर काही वेळानं आणि कॅल्शियम, लोह द्यायचंच असेल तर चार-एक तासांनी. रोज गोळी पोटात जाते आहे, पण अंगाला किती लागते आहे कोण जाणे. हे सगळं, ही थंडी, ही सूज, हा आवाज, त्याचंच असू शकतं. म्हातारपण म्हणून सोडून देण्याआधी रक्त तपासू.

बाबांनी विचारलं, "डॉक्टर साहब, नुकसान हो गया क्या?"

"देर हुई है," बाई म्हणाल्या. "देखते हैं."

दोन दिवसांनी रिपोर्ट आले आणि आम्ही पिशवी घेऊन पुन्हा बाईंकडे गेलो. थायरॉईड फारच कमी पडलेलं होतं. डी भरपूर, हवं त्याहून जास्तच. रक्त ठीक होतं, लोहाची गरज नव्हती. बी-ट्वेल्व मात्र कमी होतं. एवढ्या बाटल्यांच्या गर्दीत जे खरंच हवं होतं तेवढंच पुरत नव्हतं. बाईंनी दोन गोष्टी ठेवल्या, थायरॉईडची गोळी आणि बी-ट्वेल्व. बाकीच्या एकेक करून पिशवीत परत टाकल्या. कॅल्शियमसाठी दूध, दही, तीळ, हिरवी भाजी. ताकदीसाठी डाळ, चणे, पनीर, आणि रोज थोडं चालणं. सिंहाची पुडी त्यांनी दोन बोटांनी धरली. म्हणाल्या, आत काय आहे हे जी पुडी सांगत नाही ती घरात आणू नका. आणि काही नवं घ्यावंसं वाटलं तर पहिली गोळी तोंडात टाकण्याआधी मला दाखवा.

"बोतल तब, जब जांच में कमी निकले और थाली से पूरी न हो," असं त्या म्हणाल्या. हे वाक्य मी दुसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गात सांगितलं.

घरी आल्यावर बाबा पाटीपुढे उभे राहिले. संध्याकाळचं ऊन होतं, दुसऱ्या बाजूचं, त्यामुळे पाटी अंधारात होती आणि उघड्या निळ्या सावल्या तळ्यांसारख्या दिसत होत्या. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. आई आत पडली होती.

"आवाज बदलला की मला कळायचं," ते पाटीकडे बघतच म्हणाले. "मशीन हॉलच्या दाराशी उभा राहून सांगायचो, तिकडच्या तिसऱ्या मशीनचं बेअरिंग गेलं. तुझ्या आईचं गाणं थांबलं तेही मला कळलं होतं. तुझ्या आधी कळलं. म्हणून तर घालून राहिलो होतो."

"बाबा," मी म्हणाले, "फॅक्टरीत कोणीही कुठलंही तेल कुठल्याही मशीनला घालायचं काय?"

"नाही. नोकरी जाईल."

"मग?"

"अच्छा," एवढंच म्हणाले. मग अगदी हलक्या आवाजात, "पातेलं विसळून प्यायची ती. कांचघरात. मी दारातून पाहत होतो. तेव्हा देऊ शकलो नाही म्हणून आता देऊन राहिलो."

मला वाटायचं ते पांढुरकं पाणी फक्त मी पाहिलं होतं. दोघांनी वेगवेगळ्या जागांवरून एकच गोष्ट इतकी वर्षं पाहून ठेवली होती. दुधाची वेळ झाली होती, मी गॅस लावला.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर अंगणात पाटी आडवी पडली होती आणि बाबा तिच्यावर सँडपेपर घासत होते. निळी पूड उडून त्यांच्या भुवयांवर बसली होती. दोनच सावल्या ठेवल्या होत्या. आई शाल घेऊन उन्हात बसून सूचना देत होती.

"तिथे अजून निळं राहिलंय."

"दिसून राहिलं मला."

"चष्मा लावा म्हणजे दिसेल."

"तूच ये घासायला."

"मी पेशंट आहे," आई म्हणाली.

पाटी पुन्हा भिंतीवर चढली तेव्हा मी पाहिलं, मधोमध एक नवी सावली होती. गोल, पण बाटलीहून मोठी, एका बाजूला दांडी. दुधाच्या पातेल्याची. तिच्यावर तेच लहान पातेलं टांगलं होतं, कांचघरातलं, बुडाशी चेपलेलं. बाबांनी ते कुठून शोधून काढलं, विचारलं नाही. त्या दिवसापासून संध्याकाळचं दूध बाबा तापवतात. सकाळी चालत नाही ना, गोळीच्या जवळ. आई पेलाभर पिते आणि मग सवयीनं पातेल्यात पाणी घालून हलवून तेही पिते. बाबा दरवेळी म्हणतात, "अवं, आता काहून?" ती म्हणते, "वाया काहून घालवायचं?"

मैदानातही बातमी गेली. लेथवाले काका नवी बाटली घेऊन आले, सांध्यांसाठी म्हणून. बाबांनी ती घेतली, उलटीसुलटी केली आणि म्हणाले, "आत काय आहे ते सांग."

"मला काय माहीत? चांगली आहे."

"डॉक्टरला दाखवली? दुसरी कोणती गोळी चालू आहे ते सांगितलं त्याला?"

"अबे, तू फिटर आहेस की कंपाउंडर?"

"फिटरच. म्हणून विचारून राहिलो."

"पोरीच्या डिग्रीची हवा लागली तुला," काका म्हणाले. पण पुढच्या आठवड्यात तेच एक पिशवी घेऊन माझ्याकडे आले आणि ओशाळून म्हणाले, बेटा, जरा वाच ना. मी वाचून दिलं आणि त्यांनाही बाईंकडे पाठवलं.

आई लगेच बरी झाली असं सांगितलं तर ते खोटं होईल. सकाळच्या भोंग्याला आता एकच गोळी, पाण्याबरोबर, आणि मग दोघं खिडकीशी बसून चहाची वेळ व्हायची वाट बघायचे. खिडकीत बाटल्या नव्हत्या. ऊन रंग न बदलता आत यायचं. पुन्हा रक्त तपासलं, बाईंनी गोळीची मात्रा जराशी बदलली, पुन्हा वाट पाहिली. होळीपर्यंत डोळ्यांखालची सूज उतरली. शाल एक दिवस खुर्चीच्या पाठीवर राहिली ती राहिलीच. शब्द जवळ आले. बाबा मात्र रोज एकाच गोष्टीची वाट बघत होते आणि तोंडानं काढत नव्हते. आई स्वयंपाकघरात गेली की ते टीव्हीचा आवाज कमी करायचे.

उन्हाळ्याच्या सुट्टीतली दुपार होती. पडदे ओढलेले, कूलरचं पाणी टपकत होतं, मी अर्धवट झोपेत. मला वाटलं मी कांचघरात आहे. पिवळी भिंत, वाफ, हातात ताट. कोणीतरी तोंड मिटून एक चाल फिरवत होतं, मध्ये कुठेशी अडखळत, पुन्हा उचलत. मी डोळे उघडले. चाल चालूच होती.

स्वयंपाकघराच्या दाराबाहेर बाबा उभे होते. मान तिरकी, एक हात वर, कोणी हलू नये म्हणून. असे ते मशीन हॉलच्या दाराशी उभे राहत असतील. आत आई पाठमोरी, कैरी किसत होती. तिला काही पत्ता नव्हता. चाल वळली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, आणि त्या दुपारी घरात कशाचीच कमी नव्हती.

बाबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. हळूच म्हणाले, "बेअरिंग जागेवर बसलं. अजून जरा घासतंय, पण बसलं."

भाद्रपदात मंडळाच्या गणपतीत बायकांनी ताट पुन्हा आईसमोर धरलं, जरा भीतभीतच. आईनं ते घेतलं. आवाज पूर्वीइतका उंच नव्हता, वय असतंच. तिनं पट्टी थोडी खाली घेतली आणि पहिली ओळ एकटीनं म्हटली, शेवटपर्यंत. मग सगळे तिच्या मागे गेले, हिंदीत उत्तरं देणारी पोरंसुद्धा.

माझी आई आज सत्तरी ओलांडून गेली आहे. ती दोन गोळ्या घेते, दोन वेगळ्या वेळी. संध्याकाळी दूध पिते. आणि आमच्या मंडळाची आरती तीच उचलते.